पानिपतानंतरची दहा वर्षे

काही गावांची नावे भाषेत शिरली म्हणजे गावे म्हणून उरत नाहीत, त्यांचे वाक्प्रचार होतात. पानिपत हे अशा गावांतले मराठीपुरते पहिले होय. निवडणुकीत उमेदवाराची अनामत जप्त झाली, म्हणजे त्याचे पानिपत झाले असे आपण म्हणतो. व्यापारात दिवाळे निघाले, परीक्षेत मुलगा नापास झाला, तरी तोच शब्द ओठांवर येतो. कोणावर विसंबावे असे विचारले, तर ‘विश्वास पानिपतात गेला’ असे वडीलधारी मंडळी आजही म्हणतात, आणि त्या शब्दश्लेषात नानासाहेब पेशव्यांच्या सतरा-अठरा वर्षांच्या पुत्राचे मरण दडले आहे हे बोलणाराच्या ध्यानातही नसते. अडीच शतके उलटून गेली तरी जे दुःख भाषेत ताजे आहे, ते घडले त्या दिवशी केवढे असेल याची कल्पनाच केलेली बरी.

तथापि या लेखात आम्हांस पानिपतचा रणसंग्राम सांगावयाचा नाही. तो विषय बखरकारांनी, शाहिरांनी, नाटककार व कादंबरीकारांनी आणि राजवाडे, सरदेसाई, शेजवलकर यांच्यासारख्या थोर संशोधकांनी इतका मांडून ठेवला आहे की त्यात आम्ही भर ती काय घालणार? आमचा प्रश्न पुढचा आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी जे हरले, तेच मराठे १० फेब्रुवारी १७७१ रोजी दिल्लीच्या किल्ल्याचे धनी झाले. मध्ये दहा वर्षे आणि काही आठवडे गेले. या दहा वर्षांत काय घडले? एवढा मार खाल्लेल्या समाजाला त्याच वाटेने, त्याच शत्रूच्या अंगावर पुन्हा जाण्याची इच्छा झाली तरी कशी? आणि त्याच मराठ्यांना १८१८ नंतर ती इच्छा का झाली नाही? हरण्याने माणसाची ईर्षा वाढते असे काही म्हणतात, हरण्याने माणूस खचतो असे दुसरे म्हणतात. इतिहासात दोन्ही दाखले सापडतात. म्हणून पराभवाने काय होते एवढे विचारून भागत नाही. कोणता पराभव, कोणाचा, आणि त्यानंतर पराभूताच्या हाती काय उरले, हे विचारले पाहिजे.

प्रथम नुकसानीचा हिशेब पाहू. सदाशिवरावभाऊ व विश्वासराव रणात पडले. जनकोजी शिंदे आणि इब्राहिमखान गारदी शत्रूच्या हाती सापडून मारले गेले. तुकोजी शिंदे पडले. समशेर बहादूर जखमी होऊन निघाले, ते जाटांच्या मुलखात वारले. त्याच्या आदल्याच वर्षी, १० जानेवारी १७६० रोजी, यमुनाकाठी बुराडी घाटावर दत्ताजी शिंद्यांनी प्राण ठेवला होता. वाचलो तर आणखी लढू, या अर्थाचे जे उत्तर परंपरेने दत्ताजीच्या तोंडी घातले आहे, ते प्रत्येक मराठी मुलाला ठाऊक असते. ते उत्तर धन्य होय. परंतु ते मरणाऱ्याचे उत्तर आहे. जे वाचले, त्यांनी खरोखर आणखी लढावयाचे ठरविले की नाही, हा इतिहासाचा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही. लढवय्ये आणि त्यांच्याबरोबरची बाजारबुणगी, यात्रेकरू व बायकापोरे मिळून हजारो माणसे त्या एका दिवसात आणि त्यानंतरच्या कत्तलीत नाहीशी झाली. मोती गळाले आणि मोहरा हरवल्या अशा सांकेतिक भाषेतली ती बातमी उत्तरेकडे निघालेल्या नानासाहेबांना वाटेतच कळली. ते माघारे फिरले आणि २३ जून १७६१ रोजी पर्वतीवर वारले. कर्जाने वाकलेली दौलत, सोळा वर्षांचा माधवराव गादीवर, घरात राज्यकारभाराची हाव असलेला चुलता आणि दारात निजाम, अशी त्या वर्षाच्या पावसाळ्यात पुण्याची स्थिती होती.

शेजाऱ्यांनी संधी साधावयास विलंब लावला नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस निजामाच्या फौजा पुण्यापासून काही कोसांवर उरुळीपर्यंत येऊन पोहोचल्या. १७६३ मध्ये तर त्यांनी पुणे शहर लुटून जाळले. उत्तरेत जयपूरच्या माधोसिंगाने आता मराठ्यांना देणे लागत नाही असे ठरविले. दक्षिणेत हैदर अलीने तुंगभद्रेकडे हातपाय पसरले. हरलेल्याची पत जाते ती अशी. रणांगणावर शत्रू एक असतो; हरल्यावर ते चारी दिशांनी उगवतात, आणि त्यांत कालचे मित्रही असतात. नागपूरकर जानोजी भोसले पुणे जाळणाऱ्या निजामाच्या बाजूस होते, ही गोष्ट विसरता येत नाही.

असे असता मराठे पुन्हा उभे राहिले. याचे पहिले कारण आमच्या मते असे की, पानिपतात सैन्य बुडाले, पण सैन्य जेथून उभे राहते ते बुडाले नाही. कृष्णा, भीमा, गोदावरीच्या खोऱ्यांतली गावे जागेवर होती. वसुलाची पद्धत, दप्तर, देशमुख-पाटील, सरदारांचे सरंजाम हे सर्व शाबूत होते. शिंदे-होळकरांच्या माळव्यातील ठाण्यांना धक्का बसला, तरी ती समूळ उखडली गेली नाहीत. विजयी अब्दालीला मात्र दिल्लीत राहणे जमले नाही. थकलेल्या पगारासाठी त्याचे सैनिकच कुरकुरू लागले आणि लढाईनंतर दोनच महिन्यांनी, मार्च १७६१ मध्ये, त्याने परतीची वाट धरली. पुढे त्याची शक्ती पंजाबात शिखांशी झुंजण्यात खर्च झाली. जिंकणारा निघून गेला आणि हरणारा आपल्या घरी राहिला. ज्या पराभवाने घर जात नाही, तो पराभव कितीही मोठा असला तरी त्यातून परतण्याची वाट उघडी असते.

दुसरे कारण याहून महत्त्वाचे आहे आणि त्याकडे सहसा लक्ष जात नाही. ते म्हणजे रणातून जिवंत परत आलेल्यांना मराठी राज्याने कसे वागविले. मल्हारराव होळकर लढाईचा रंग पाहून आपल्या पथकासह निघून गेले, हा ठपका त्यांच्यावर तेव्हाही होता आणि आजही आहे. दमाजी गायकवाड व विठ्ठल शिवदेव विंचूरकर हेही जिवंत परतले. अठरा वर्षांचा कोवळा बाळाजी जनार्दन भानू पळून, लपत-छपत, वेषांतर करून घरी पोहोचला, आणि त्या पळण्याची हकीकत त्याने आपल्या आत्मवृत्तात स्वतःच लिहून ठेवली. या सर्वांना भ्याड ठरवून दूर लोटणे सोपे होते. पुत्र गमावलेल्या मातांचा आणि कुंकू पुसलेल्या स्त्रियांचा आक्रोश चालू असता ‘तू कसा वाचलास?’ हा प्रश्न विचारणारांची वाण नसणार. परंतु राज्याने या माणसांना कामे दिली. मल्हारराव उत्तरेतच राहिले आणि नोव्हेंबर १७६१ मध्ये, म्हणजे पानिपतानंतर अवघ्या दहा महिन्यांत, मांगरोळ येथे त्यांनी माधोसिंगाच्या फौजेचा पराभव केला. पळून आलेला बाळाजी जनार्दन फडणिशीच्या कामावर रुजू झाला, आणि तोच नाना फडणीस पुढे पाव शतक मराठी राज्याचा सूत्रधार झाला. पायाला कायमची जखम घेऊन परतलेले महादजी शिंदे यांना शिंदे घराण्याची सरदारी मिळण्यास सात वर्षे थांबावे लागले खरे, पण अखेर १७६८ च्या सुमारास ती मिळाली. राणेखान नावाच्या भिस्त्याने त्यांना बैलावर घालून वाचविले असे सांगतात, आणि महादजींनी त्याला जन्मभर भाऊ मानले. हरलेल्यांना घरात घेणारा समाज असला, म्हणजे हरलेल्यांचा अनुभव समाजाच्या कामी येतो. त्यांना दाराबाहेर ठेवले, तर पुढच्या लढाईला जे जातात ते सारे नवशिके असतात.

तिसरे कारण असे की, माधवरावाने एकदम दिल्लीचा विचार केला नाही. त्याने आधी घराजवळचे, पेलेल असे काम हाती घेतले. १० ऑगस्ट १७६३ रोजी गोदावरीच्या काठी राक्षसभुवनावर निजामाचा पराभव झाला, त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर मारला गेला आणि पुणे जाळल्याचे उट्टे निघाले. प्रदेशाच्या दृष्टीने या जयाचे महत्त्व असेलच, परंतु मनाच्या दृष्टीने ते त्याहून मोठे होते. मराठी फौज जिंकू शकते हे तिला स्वतःला पुन्हा दिसले. नंतर हैदरावर एकामागून एक स्वाऱ्या झाल्या. वेठबिगार बंद झाली, रामशास्त्र्यांसारखा निःस्पृह न्यायाधीश बसला, मामलेदारांच्या हिशेबांची तपासणी होऊ लागली. पानिपताचा सूड या शब्दांत त्या काळाचे वर्णन करणे आम्हांस अपुरे वाटते. सूडाने माणूस एक मोहीम काढतो. दहा वर्षे हिशेब तपासण्याचे काम सूडाने होत नाही.

माधवरावाच्या चरित्रातला आणखी एक प्रसंग येथे सांगितला पाहिजे, कारण तो पराभवाचाच आहे. १७६२ च्या नोव्हेंबरात चुलते रघुनाथराव यांच्याशी लढाई जुंपली आणि माधवरावाची बाजू हरू लागली. तेव्हा भीमेकाठी आळेगाव येथे हा तरुण पेशवा स्वतः होऊन चुलत्याच्या स्वाधीन झाला. घरच्या भांडणात राज्य बुडू नये एवढ्यासाठी त्याने हार पत्करली, काही काळ नामधारी होऊन राहिला, राक्षसभुवनावर आपले कर्तृत्व दाखवून कारभार हळूहळू आपल्याकडे घेतला, आणि १७६८ मध्ये धोडप येथे चुलत्याचा बंदोबस्त केला. पुन्हा स्पर्धेत उतरण्याची इच्छा ही नेहमी दंड थोपटूनच प्रकट होते असे नाही. कधी ती मागे सरण्यात आणि वाट पाहण्यातही असते. मात्र या दोहोंत एक खूण असते. वाट पाहणारा रोज काही ना काही तयारी करीत असतो. सोडून देणारा केवळ कारणे सांगत असतो.

या दहा वर्षांचा प्रवास सरळ चढणीचा होता असेही कोणी समजू नये. मे १७६५ मध्ये कोरा येथे मल्हाररावांना इंग्रजांच्या तोफखान्यापुढे माघार घ्यावी लागली. पुढच्या वर्षी, १७६६ च्या मे महिन्यात, आलमपूर येथे ते वारले. १७६६-६७ मध्ये रघुनाथराव मोठी फौज घेऊन उत्तरेत गेले, गोहदला वेढा घालून बसले आणि जवळजवळ रिकाम्या हाताने परतले. म्हणजे पानिपतानंतर उत्तरेत जाण्याचा पहिला मोठा प्रयत्न फसला. आपण ज्याला दुसरा प्रयत्न म्हणतो तो पुष्कळदा तिसरा किंवा चौथा असतो. फसलेले मधले प्रयत्न लोक विसरून जातात, एवढेच. अखेर १७६९ मध्ये रामचंद्र गणेश कानडे आणि विसाजी कृष्ण बिनीवाले यांच्या हाताखाली फौज निघाली. बरोबर महादजी शिंदे आणि तुकोजी होळकर होते. १७७० मध्ये गोवर्धनाजवळ जाटांचा पराभव झाला. पानिपतच्या कारस्थानाचा सूत्रधार नजीबखान रोहिला याच्याशी बोलणे लावावे की नाही यावर सरदारांत कडाक्याचे मतभेद झाले. होळकर त्याला अनुकूल, शिंदे कट्टर विरोधी. दहा वर्षांपूर्वीची दुफळी अजून गेली नव्हती. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरअखेर नजीब वारला. फेब्रुवारी १७७१ मध्ये दिल्ली हाती आली. इंग्रजांच्या आश्रयाने अलाहाबादेस राहिलेला बादशहा शाह आलम ६ जानेवारी १७७२ रोजी मराठ्यांच्या संरक्षणाखाली आपल्या राजधानीत शिरला. त्याच वर्षी १८ नोव्हेंबरला थेऊर येथे क्षयाने माधवरावाचा अंत झाला. वय सत्तावीस. दिल्ली त्याने डोळ्यांनी पाहिलीही नव्हती.

येथे एका दुःखद कथेचा उल्लेख केल्यावाचून हा इतिहास पुरा होत नाही. भाऊसाहेबांची पत्नी पार्वतीबाई रणातून वाचून पुण्यास आली. पती गेला हे तिने कधीच मान्य केले नाही. १७८३ पर्यंत ती सौभाग्यवती म्हणूनच जगली. एका पत्नीच्या या श्रद्धेला कोणीही हात जोडील. परंतु तीच भावना लोकांत पसरली, तेव्हा तिच्या आधारावर एक तोतया उभा राहिला. मीच भाऊ, असे सांगणाऱ्या या इसमाला माधवरावाच्या काळात पकडून कैदेत ठेवले होते. माधवरावाच्या पश्चात तो सुटला, त्याने कोकणात बंड माजविले, हजारो लोक व काही किल्ले त्याला मिळाले, आणि १७७६ मध्ये त्याला देहान्त शिक्षा होईपर्यंत राज्याला स्वस्थता मिळाली नाही. पंधरा वर्षांपूर्वीचा पराभव ज्यांनी मनातून मानलाच नव्हता, ते एका भोंदूच्या मागे गेले. हार मान्य करणे आणि हार खाऊन बसणे या दोन भिन्न गोष्टी होत. माधवरावाने पहिली केली म्हणून दुसरी टळली. तोतयाच्या अनुयायांनी पहिली टाळली, आणि त्यांच्या हाती काहीच लागले नाही.

महादजींनी तर पराभवातून शिकणे हा नेमच केला होता. पानिपतावर इब्राहिमखानाच्या कवायती गारद्यांनी काय करून दाखविले ते त्यांनी पाहिले होते. १७८४ पासून त्यांनी द बॉयनकडून आपल्या पलटणी तयार करविल्या. १७८७ मध्ये लालसोट येथे जयपूर-जोधपूरच्या राजपुतांपुढे त्यांना माघार घ्यावी लागली आणि दिल्ली-आग्ऱ्याकडील सारा डाव विसकटला. तीन वर्षांनी, १७९० मध्ये, पाटण व मेडता येथे त्यांनी त्याच राजपुतांना नमविले. मात्र या शिकण्यालाही एक खोट होती, ती १८०३ मध्ये उघडी पडली. कवायत शिकविणारे अधिकारी परके होते. इंग्रजांशी युद्ध जुंपताच सेनापती पेराँ आणि इतर अनेक गोरे अधिकारी दौलतरावांची नोकरी सोडून गेले. शिकलेली विद्या आपल्या घरात मुरली नाही, तर ती उसनी राहते आणि ऐन वेळी धनी ती परत मागतो.

आता १८१८ कडे वळू. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीवर लढाई झाली, २० फेब्रुवारी १८१८ रोजी अष्टीवर बापू गोखले पडले, आणि ३ जूनला दुसरा बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाला. पानिपताच्या मानाने या लढायांतील प्राणहानी फारच थोडी. मग पुन्हा उठण्याची इच्छा का उरली नाही? बाजीरावाच्या भित्रेपणावर सारा दोष टाकून मोकळे होण्याची आपली रीत आहे. आम्हांस ते पुरेसे वाटत नाही. एल्फिन्स्टनने फेब्रुवारी १८१८ मध्ये साताऱ्यास जो जाहीरनामा काढला, तो या प्रश्नाची किल्ली होय. जे जहागीरदार ठराविक मुदतीत बाजीरावाची बाजू सोडून घरी परततील, त्यांच्या जहागिरी कायम राहतील, असे त्यात आश्वासन होते. वतने, इनामे, देवस्थानांची उत्पन्ने चालू राहतील असेही सांगितले. खुद्द बाजीरावाला वर्षाला आठ लाखांचा तनखा बांधून गंगाकाठी ब्रह्मावर्तास धाडले. १७६१ नंतर प्रत्येक सरदाराचे पोट पुन्हा उत्तरेत जाण्यात होते. चौथाई, सरंजाम आणि पत ही सर्व तेथेच अडकली होती. १८१८ नंतर प्रत्येकाचे पोट घरी स्वस्थ बसण्यात गुंतले. अब्दालीने मराठ्यांना मारले आणि तो निघून गेला. इंग्रजांनी एकेकाला वेगळे करून खाऊ घातले आणि ते राहिले. तलवारीने न तुटलेली जूट भाकरीने तुटली. बाजीराव १८५१ मध्ये वारल्यावर त्याचा तनखा दत्तकपुत्र नानासाहेबाला नाकारण्यात आला, आणि १८५७ मध्ये तोच ब्रह्मावर्ताचा वाडा युद्धास उभा राहिला. त्या उठावाला कारणे अनेक होती. तथापि हा क्रम विचार करण्याजोगा आहे.

वाचक विचारतील, ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत या जुन्या लढायांचे प्रयोजन काय? आम्ही ते संकोच न ठेवता सांगतो. आपल्या वार्षिक संमेलनात दहावी-बारावीच्या गुणवंतांचा सत्कार होतो, लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत यशस्वी झालेल्यांस शाल-श्रीफळ मिळते, त्यांची छायाचित्रे या पानांत छापली जातात. हे योग्यच आहे. परंतु त्याच परीक्षांत अनुत्तीर्ण झालेली मुले संमेलनास येतच नाहीत. धंद्यात खोट आलेला बंधू लग्नकार्यातही मागच्या रांगेत बसतो आणि पंगत उठण्यापूर्वी निघून जातो. आपण त्यांस हाकलले नाही हे खरे. पण ‘यंदा काय झाले तुझे?’ हा प्रश्न आपण ज्या सुरात विचारतो, तो सूर त्यांस पुरेसा असतो. पानिपतातून परतलेल्या बाळाजी जनार्दनाला कोणी या सुरात विचारले असते आणि पुढे काम दिले नसते, तर मराठ्यांना नाना फडणीस मिळाला नसता.

इतिहासाचा आधार घेऊन आम्ही दोन सूचना करतो. शिष्यवृत्तीच्या नियमांत ‘प्रथम प्रयत्नात उत्तीर्ण’ अशी अट जेथे असेल तेथे ती काढून टाकावी, आणि एकदा अपयश आलेल्या विद्यार्थ्याच्या दुसऱ्या वर्षाच्या शुल्कासाठी वेगळा निधी ठेवावा. ज्याचे घर शाबूत असते तोच पुन्हा निघतो, हे आपण वर पाहिले. गरीब घरातल्या मुलाला दुसऱ्या वर्षाचे शुल्क हेच ते घर होय. दुसरी सूचना अशी की, ज्यांनी अपयशानंतर यश मिळविले त्यांनी आपली हकीकत, नाना फडणिसाने लिहिली तशी, पळण्याच्या भागासह या स्मरणिकेत लिहावी. यशाची कहाणी पुष्कळांना सांगता येते. मधल्या वर्षांची सांगणारे थोडे.

प्रत्येक स्पर्धेत पुन्हा उतरलेच पाहिजे असा आमचा आग्रह नाही. एखादी वाट आपली नसते, आणि ती सोडण्यातही शहाणपण असते. परंतु ती सोडावयाची की नाही हे त्या मुलाने स्वतः ठरवावे. लोकांच्या नजरेने किंवा रिकाम्या खिशाने त्याच्यासाठी ठरवून टाकू नये, एवढेच आमचे मागणे आहे. पुढील सर्वसाधारण सभेत कार्यकारी मंडळाने या दोन सूचनांचा विचार करावा, आणि वाचकांनीही आपले मत मंडळास कळवावे, ही नम्र विनंती करून आम्ही हा लेख पुरा करतो.